थर्माकोलचा भाव काय?

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वाट कुणाची पाहिली जात असेल, तर ती भंगारवाल्याची. घरून पैसे यायला चार-पाच दिवस असतात, टपरीवरची उधारी वाढलेली असते, आणि अशा वेळी कॉटखाली साचलेली गेल्या सेमिस्टरची झेरॉक्स ही एकदम संपत्ती वाटायला लागते. रद्दीला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, पाण्याच्या बाटल्यांना आहे. आमच्या विंगमधल्या एकाने तर मोडका टेबलफॅन विकून अख्ख्या रूमला मिसळ खाऊ घातली. (तो फॅन नक्की कुणाचा होता, हा वाद अजून मिटलेला नाही.) पण नवीन वॉटर कूलर आला तेव्हा त्याच्या खोक्यातले थर्माकोलचे ठोकळे घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो, तर त्याने हातसुद्धा लावला नाही. "याला भाव नाय. फुकट दिला तरी नको," म्हणाला आणि सायकल पुढे काढली.

बाकीचे हसले. मला हे उत्तर पाठ होतं. कारण थर्माकोलचा भाव आमच्या घरात एकदा फार सविस्तर विचारून झालेला आहे.

आमचं तालुक्याच्या गावी दुकान आहे. पाटीवर 'पत्रावळी, द्रोण व लग्नकार्याचे साहित्य' असं अजूनही लिहिलेलं आहे. ती पाटी आजोबांची. त्यांच्या वेळी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका पळसाची पानं काड्यांनी टाचून शंभरा-शंभराचे गठ्ठे घेऊन यायच्या. त्या पत्रावळीवर जेवणं ही एक कला होती म्हणतात. आधी भाताचं आळं करायचं, मग त्यात आमटी, आणि आमटीने बांध फोडायच्या आत जेवण उरकायचं! पुढे दुकान बाबांकडे आलं आणि थर्माकोलही त्याच सुमारास आला. पांढरीशुभ्र प्लेट, गळत नाही, हाताला चटका नाही, हजार प्लेटा एका हाताने उचलता येतात, आणि किंमत रुपया-सव्वा रुपया. पाच-सहा वर्षांत पळसाच्या पत्रावळी दुकानातून दिसेनाशा झाल्या. त्या बायका नंतर काय करायला लागल्या, हे मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रोजगारावर जात असतील." त्या वेळी त्यांच्या बाजूने कुठलाही कायदा आडवा आला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

२०१८ साली मी आठवीत होतो. लग्नसराईसाठी बाबांनी फेब्रुवारीतच माल भरून ठेवला होता. पाडवा होऊन पाच दिवस झाले आणि २३ मार्चला राज्य सरकारची अधिसूचना निघाली. प्लास्टिकच्या पिशव्या तर त्यात होत्याच, पण थर्माकोलच्या प्लेटा, वाट्या, ग्लास हेही होते. बनवायचं नाही, विकायचं नाही, वापरायचं नाही, साठवायचं नाही, गाडीत घालून न्यायचंही नाही. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. असलेला माल संपवायला मुदत मिळाली आणि २३ जूनपासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली. मधल्या काळात उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण स्थगिती मिळाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले, नेमकी लग्नाची तारीख गाठून तर मुदत दिली! आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण दंडाचे आकडे पेपरात आले आणि गिऱ्हाईक बिचकलं. मुलीचा बाप आधीच घाबरलेला असतो. "मांडवात कोण आलं आणि पावती फाडली तर?" असं म्हणून लोक ऑर्डर रद्द करायला लागले. ज्या कंपनीचा माल होता तिचा माणूस फोनवर "विकलेला माल परत घेत नाही" एवढंच बोलला. जून उजाडला तेव्हा गोडाऊनची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत पोत्यांनी भरलेली होती. वीसेक हजार प्लेटा आणि बाकी वाट्या.

बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, पोत्यांकडे पाहिलं, एक पोतं एका बोटाने हलवलं आणि काटा काढलाच नाही. मग बाबांनी इरेला पेटून आपल्याच काट्यावर सगळा माल मोजला. भरला दीडशे किलोच्या आसपास. दीडशे किलो लोखंड असतं, तर ते एका बादलीत मावलं असतं. हे गणित मी इंजिनीअरिंगला आल्यावर केलं, तेव्हा मात्र आम्ही दोघे त्या भिंतीकडे नुसते पाहत उभे होतो. दोन टेम्पो भाड्याने करून तो माल नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर जमा केला. भाडं आमचंच. जुलैमध्ये शाळेत जाताना डेपोच्या तारेच्या कुंपणाला पांढरे तुकडे अडकलेले दिसायचे. ओढ्याच्या काठच्या घाणेरीच्या झुडपांतही दिसायचे. आमच्याच प्लेटा होत्या असं मी म्हणत नाही, गावात आणखी तीन दुकानं होती.

आता जरा अभ्यासाचं बोलू, म्हणजे हा लेख संपादक मंडळातल्या सरांनाही आवडेल.

थर्माकोल हे मुळात एक व्यापारी नाव. झेरॉक्सचं जसं झालं तसंच हे नाव मालाला चिकटलं. शास्त्रीय नाव एक्सपान्डेड पॉलिस्टायरीन. कच्चा माल म्हणजे साबुदाण्यापेक्षाही बारीक टणक मणी. त्यांच्यात पाच-सात टक्के पेन्टेन वायू कोंडलेला असतो. वाफ दिली की पॉलिस्टायरीन मऊ पडतं, पेन्टेन फुगतो, आणि मणी चाळीसेक पट मोठा होतो. लाही फुटते तसंच. हे फुगलेले मणी साच्यात घालून पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटून ठोकळा तयार. म्हणून थर्माकोल मोडला की त्याचे पुन्हा मणीच होतात आणि ते हाताला, केसांना, गणवेशाला चिकटतात. जेवणाच्या प्लेटा थोड्या वेगळ्या निघतात. वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये वायू मिसळून त्याचा फेसाळ पत्रा काढतात आणि तो साच्यात दाबतात. तत्त्व एकच. ठोकळ्यात अठ्ठ्याण्णव टक्के हवा, दोन टक्के प्लास्टिक. पत्रा जरा जड, पण तोही बहुतेक हवाच.

या कोंडलेल्या हवेमुळेच गरम चहाच्या ग्लासने हात भाजत नाही. थर्मलच्या पेपरात लिहायचं तर उष्णता वाहकता सुमारे ०.०३५. पण कढईतून काढलेली भजी थेट प्लेटमध्ये ठेवली तर खड्डा पडतो, कारण शंभर अंशांच्या आसपास पॉलिस्टायरीन मऊ पडायला लागतं. पेट्रोलमध्ये तर विरघळतंच. संत्र्याच्या सालीतल्या तेलानेसुद्धा विरतं. रूमवर करून पाहा, साल पिळली की थर्माकोलवर बारीक भोकं पडतात. स्टायरीन या मूळ रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्येच 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. पण प्लेट म्हणजे स्टायरीन नव्हे. तिच्यात त्याचा अगदी थोडा अंश उरलेला असतो आणि गरम, तेलकट पदार्थात तो जास्त उतरतो. यावरून "थर्माकोलमध्ये जेवलात की कॅन्सर" असे मेसेज फिरतात, ते मला पटत नाहीत. बंदीला पुरेसं कारण दुसरीकडेच आहे, भीती घालायची गरज नाही.

ते कारण भंगारवाल्याच्या काट्यावर आहे. आपल्या देशात कचरा वेगळा होतो तो काही आपल्या सुसंस्कृतपणामुळे नाही. पाठीवर पोतं घेऊन पहाटे निघणाऱ्या कचरावेचक बायका तो करतात, आणि त्यांना पैसे किलोवर मिळतात. शंभर लिटरचं पोतं पुठ्ठ्याने भरलं तर आठ-दहा किलो सहज होतो. तेच पोतं थर्माकोलच्या तुकड्यांनी भरलं तर एक किलो झाला तर झाला. मग ती बाई तो का उचलेल? तिने नाही उचलला की तो गटारात जातो. हलका असल्यामुळे वाऱ्याने उडतो, पाण्यावर तरंगतो, मोरीच्या तोंडाशी जाऊन बसतो.

समजा उचललाच. मग ट्रकचं गणित. दहा टनी ट्रकचा हौदा चोवीस घनमीटर धरा. त्यात थर्माकोलचे ठोकळे एकही फट न ठेवता रचले, घनता घनमीटरला वीस किलो धरली, तर माल झाला ४८० किलो. दहा टन नेणारी गाडी अर्धा टनसुद्धा नेत नाही, डिझेल आणि टोल मात्र ठरलेलाच. बरं, हे स्वच्छ ठोकळ्यांचं झालं. मटणाच्या रश्श्याने माखलेली प्लेट आधी धुवायला हवी. सव्वा रुपयाच्या प्लेटवर किती पाणी आणि किती मजुरी घालणार? पॉलिस्टायरीन वितळवून पुन्हा वापरता येतं, हे पुस्तकात बरोबर लिहिलंय. थर्माकोल दाबून घट्ट करायची यंत्रंही आहेत. पण प्रयोगशाळेत होणं वेगळं आणि रोजच्या व्यवहारात परवडणं वेगळं.

हाच वाद न्यूयॉर्क शहरात तब्बल पाच वर्षं चालला. तो मी मुद्दाम वाचून काढला, कारण तिथे अख्खा खटलाच आपल्या विषयावर आहे! २०१३ मध्ये शहराने कायदा केला. त्यात अट अशी होती की खाद्यपदार्थांच्या फोम डब्यांचं पुनर्चक्रीकरण पर्यावरणाच्या दृष्टीने उपयोगी आणि खर्चाच्या दृष्टीने परवडणारं आहे का, हे सफाई खात्याच्या आयुक्तांनी आधी ठरवावं, नसेल तर बंदी. जानेवारी २०१५ मध्ये आयुक्तांनी 'नाही' असं ठरवलं आणि जुलैपासून बंदी आली. उत्पादक आणि हॉटेलवाले कोर्टात गेले. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी बंदी उठवली, कारण आयुक्तांनी समोर आलेल्या माहितीचा नीट विचार केलेला नव्हता. शहराने पुन्हा अभ्यास केला, २०१७ मध्ये पुन्हा तेच उत्तर आलं, २०१८ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं आणि १ जानेवारी २०१९ पासून बंदी लागू झाली. एवढ्या श्रीमंत शहराला, एवढी यंत्रं हाताशी असताना, जे उत्तर सापडलं ते आमच्या गावच्या भंगारवाल्याने पोतं एका बोटाने हलवून दिलं होतं. युरोपीय संघानेही जुलै २०२१ पासून खाण्यापिण्याचे थर्माकोलचे डबे आणि पेले बंद केले. आणि आपल्याकडच्या सिक्कीमने २०१६ मध्येच, म्हणजे महाराष्ट्राच्याही आधी, थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली होती.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ज्या वस्तूला वापर झाल्यावर किलोमागे काहीच भाव मिळत नाही, ती गोळा करायची आशा धरू नये. ती बनण्याच्या जागीच थांबवावी लागते आणि हे काम कायद्याशिवाय होत नाही. गिऱ्हाईक आपणहून सव्वा रुपयाची प्लेट सोडून चार रुपयांची घेईल, असं आमच्या दुकानात मी तरी कधी पाहिलेलं नाही.

बाबांना हे मत पटत नाही. म्हणजे बंदी पटते, रीत पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की दंडाची पावती कुणाच्या नावाने फाटते ते बघ. भेळवाला, भाजीवाली, आमच्यासारखा दुकानदार. आणि माल कुठून येतो? राज्यात बंदी, पण शेजारच्या राज्यात कारखाना चालू. रात्रीची गाडी येते, सकाळी माल दुकानात. जो कायदा पाळतो तो गिऱ्हाईक गमावतो आणि जो पाळत नाही तो कमावतो. यावर आमची दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी वादावादी होते. आईने आता फराळाच्या वेळी हा विषय काढायला बंदी घातली आहे, आणि तिची अंमलबजावणी सरकारपेक्षा चांगली आहे.

बाबांचा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले आणि गटारं तुंबण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचाही हात होता, म्हणून राज्याने पिशव्यांवर कडक निर्बंध आणले. त्यानंतर २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा कायदा आला. २०१८ ची अधिसूचना त्याच कायद्याखाली निघाली. म्हणजे हत्यार बारा वर्षं हातात होतं. या बारा वर्षांत पिशव्या गेल्या का? जाडीचे मायक्रॉन बदलत राहिले आणि पिशव्या चालूच राहिल्या. मायक्रॉन मोजायला भाजीवालीकडे मायक्रोमीटर असतो का? आपल्याला फर्स्ट इयरला मिळतो तोही शून्य चुकलेला असतो.

थर्माकोलच्या बाबतीत एक गोष्ट बरी झाली. इथे जाडी नाही, मायक्रॉन नाही. प्लेट थर्माकोलची आहे की नाही, हे कुणालाही लांबून कळतं. शिवाय १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली. प्लेटा, कप, ग्लास, काटे-चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचा थर्माकोल, सगळं यादीत आलं आणि ते बनवण्यावरही बंदी आली. त्यामुळे शेजारच्या राज्यातला कारखाना ही पळवाट निदान कागदावर तरी बुजली. माल पूर्ण बंद झाला असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, आपल्याच गेटसमोर आठवड्याच्या बाजारात थर्माकोलच्या वाट्या मी पाहिल्या आहेत. पण लग्नात थर्माकोलची प्लेट आता दिसत नाही, हे तुम्हीही आठवून बघा.

ज्यांचं दुकान नव्हतं, नुसते हात होते, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं. आमच्या शेजारचे एक काका गणपतीसाठी थर्माकोलची मखरं करायचे. तापलेल्या तारेने कापून महिरपी, कमळं, राजवाड्याचे खांब. रंग, टिकल्या, सोनेरी कागद. मे महिन्यापासून त्यांच्या ओसरीवर बसायला जागा नसायची. २०१८ च्या जुलैमध्ये गणेशोत्सवापुरती सवलत द्यावी म्हणून थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले. कोर्टाने नाही म्हटलं. सप्टेंबरमध्ये गणपती आले आणि काकांनी त्या वर्षी घरच्या गणपतीला साडीचा पडदा लावला. पुढच्या वर्षी त्यांनी पुठ्ठ्याची मखरं करून पाहिली. पुठ्ठा तापल्या तारेने कापता येत नाही, कटर चालवून बोटं सोलवटतात आणि नक्षीला ती बारकाई येत नाही. आज ते करतात, पण पूर्वीच्या निम्मीच. मखर विसर्जनानंतर नदीकाठी पडायचं, ते मी पाहिलंय, त्यामुळे कोर्ट चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातातली कला एका अधिसूचनेने जाते, त्याला नवीन साहित्य, नवीन अवजारं शिकवायची तरतूद त्या कायद्यात एका ओळीची तरी असायला हवी होती. पळसाच्या पानाच्या बायकांना बाजाराने विचारलं नाही, काकांना कायद्याने विचारलं नाही. फरक एवढाच.

आणि थर्माकोलच्या जागी काय आलं? आमच्या दुकानात आधी कागदी प्लेटा आल्या. वरून चंदेरी, आत कागद आणि मधे प्लास्टिकचा पापुद्रा. कागद म्हणून रद्दीत जात नाही, प्लास्टिक म्हणून भंगारात जात नाही. चहाचा कागदी कपही तसलाच, आतून अस्तर असल्याशिवाय चहा कागदात थांबेल का? २०२२ च्या जुलैमध्ये राज्याने या प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी मालावरही बंदी आणली आणि बाबांना दुसरा फटका बसला. या वेळी साठा कमी होता, शहाणपण आलं होतं. आता दुकानात उसाच्या चिपाडाच्या आणि सुपारीच्या झापाच्या प्लेटा आहेत. चार-पाच रुपयांच्या खाली मिळत नाहीत. आणि हो, पत्रावळीही परत आल्या आहेत. पण मशीनवर दाबलेल्या, गोल, शिस्तशीर, परगावच्या कारखान्यातून आलेल्या. आजोबांच्या वेळच्या त्या बायका काही परत आल्या नाहीत.

थर्माकोल म्हणजे राक्षस, असा मात्र ग्रह करून घेऊ नका. शीतगृहाच्या भिंतीत तो वीस-वीस वर्षं काम करतो. लसीच्या डब्यात तोच असतो. आपल्या मेकॅनिकलच्या लोकांना माहीत असेल, लॉस्ट फोम कास्टिंगमध्ये पॅटर्नच थर्माकोलचा असतो, वितळलेला धातू ओतला की तो जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. वीस वर्षं वापरायची वस्तू आणि वीस मिनिटांत फेकायची वस्तू यांत कायद्याने फरक केला, हे मला योग्यच वाटतं. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातले कोपरे केंद्राच्या त्या बंदीच्या यादीत नाहीत. ते अजून येतात आणि आपल्या कूलरबरोबर आले तसे जिन्याखाली जाऊन पडतात. तिथे उपाय एकच दिसतो, ज्याने कूलर विकला त्याने कोपरे परत न्यावेत. परत जाणारी गाडी रिकामीच जाते, हवा न्यायला तिचं काय जातं? आमच्या हॉस्टेलचे कोपरे सध्या सिव्हिलच्या सेकंड इयरने मॉडेलसाठी मागून नेले आहेत. सबमिशन झालं की ते पुन्हा जिन्याखाली येतील, तेवढीच त्यांची सुटका.

आता आपल्या घरातलं. गॅदरिंग फेब्रुवारीत आहे. गेल्या वर्षी जेवणाला कॅटररने चंदेरी कागदी प्लेटा आणल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी स्टेजच्या मागे त्यांचा जो ढीग होता, त्यात कुत्री दोन दिवस मुक्कामाला होती. या वर्षी जेवायला साधारण नऊशे जण धरले आहेत. चिपाडाची प्लेट, वाटी, ग्लास धरून माणशी आठ-नऊ रुपये होतात. स्टीलची ताटं भाड्याने आणली, तर ताट-वाटी-पेला मिळून पाच रुपये. हा बाबांनी काढून दिलेला भाव आहे, आमच्या गावच्या तरुण मंडळाची भांडी याच दराने जातात. म्हणजे माणशी साडेतीन रुपये वाचतात, नऊशेंचे तीन हजारांच्या वर. रेक्टर सरांनी पहिला प्रश्न अचूक विचारला, "धुणार कोण?"

मेसच्या मावशींवर नऊशे ताटं टाकायची नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं आहे. ज्याचं ताट त्याने धुवायचं. एका ताटाला अर्धा मिनिट धरलं तर एका नळावर साडेसात तास लागतात. मेसच्या मागे सहा नळ आहेत. सहाही चालू असले तर सव्वा तासात काम संपतं, ऑर्केस्ट्राचं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत. सध्या दोनच चालू आहेत, म्हणजे पावणेचार तास. उरलेले चार नळ दुरुस्त करून मिळावेत म्हणून अर्ज तयार केला आहे आणि तो मेसच्या काउंटरवर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला आहे. सह्या शुक्रवारपर्यंत हव्यात. पेन सोबत बांधलेलं आहे, कृपया सोडून नेऊ नये.